रॉक कॉन्सर्टला गेल्यावर उभं कुठे राहायचं?

गोव्यातल्या डिचोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे कान नाटक, भजन आणि अधूनमधून शास्त्रीय मैफल यांवर पोसलेले. मुलगी अकरावीत, गिटार शिकते. तिच्या हट्टाखातर त्या दोनदा रॉक कॉन्सर्टला गेल्या. दोन्ही वेळा छातीत धडधड, कानात नुसता गोंगाट, गाण्याचा एक शब्द कळला नाही. यंदा डिसेंबरात मुलगी पुन्हा चल म्हणते. “तिला जे ऐकू येतं ते मला का येत नाही? महागाचं तिकीट काढलं तर फरक पडेल का?” असं त्यांनी विचारलंय.

ताई, तुम्ही सहज म्हणून एक गोष्ट लिहिलीत, ती फार कामाची आहे. पहिल्या वेळी लेकीने हात धरून अगदी पुढे, स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात नेलं. दुसऱ्या वेळी खुर्ची मिळाली म्हणून तुम्ही मागच्या पत्र्याच्या शेडखाली बसलात. मी गेली 24 वर्षं गोव्यात लाइव्ह साउंड करतो. जत्रेतल्या नाटकांना माइक लावण्यापासून सुरुवात झाली, आता बहुतेक काम रॉक बँडचं. मैदानात सगळ्यांत वाईट आवाज कुठे येतो असं मला कुणी विचारलं असतं, तर मी याच दोन जागा दाखवल्या असत्या. तुमच्या कानात काही कमी नाही. तिथे उभं राहून मलाही शब्द कळले नसते.

पुढच्या कोपऱ्यात काय होतं ते आधी सांगतो. गायकाचा आवाज ज्या मोठ्या स्पीकरमधून येतो, ते स्टेजच्या दोन्ही बाजूंना उंचावर, केळीच्या लोंगरासारखे टांगलेले असतात. त्यांचं तोंड मैदानाच्या मध्याकडे आणि मागे असतं. तुम्ही त्यांच्या पायाशी उभ्या होता, म्हणजे गाणं तुमच्या डोक्यावरून पुढे गेलं. तुमच्या वाट्याला आले जमिनीवरचे बेसचे डबे, ड्रमचा थेट दणका आणि गिटारवाल्याचा स्टेजवरचा अँप, म्हणजे गिटारचा स्वतःचा स्पीकर. पुढच्या रांगांसाठी स्टेजच्या कडेला छोटे स्पीकर ठेवतात खरे, पण ते मधल्या भागाकडे वळवलेले असतात. कोपरा उपाशीच राहतो.

शेडखाली गोष्ट वेगळी. पत्रा आणि मागची भिंत आवाज परतवतात. स्पीकरमधून थेट आलेला शब्द आणि पत्र्यावर आपटून आलेला तोच शब्द एकमेकांत मिसळले की व्यंजनं पुसली जातात आणि घुमारा तेवढा उरतो. देवळाच्या सभामंडपात कीर्तनकार घाईने बोलू लागला की मागच्या खांबाशी बसलेल्याला जसं ऐकू येतं, तसंच.

तर मैदानात शिरल्यावर आधी मिक्सर, म्हणजे सगळे आवाज जुळवायचं यंत्र, शोधा. स्टेजच्या समोर, बहुधा मधोमध, 25 ते 40 मीटरवर बॅरिकेड घातलेला छोटा मांडव दिसेल. आत दोन-तीन माणसं मान खाली घालून उभी असतात, त्यांतला एक माझ्यासारखा. आम्ही आवाज जुळवतो तो आम्हाला तिथे जसा ऐकू येतो त्यावरून. गायक किती वर, बेस किती खाली, गिटारचा सोलो कधी पुढे काढायचा, हे सगळं त्या एका जागेवरून ठरतं. त्या मांडवाच्या तीन-चार पावलं पुढे किंवा अगदी बाजूला लागून उभ्या राहा. बॅरिकेडला पाठ टेकता येते, मागून कुणी ढकलत नाही, आणि बँडने ऐकवायचं ठरवलेलं सगळं तिथे पोचतं. मी स्वतः श्रोता म्हणून जातो तेव्हा दुसरीकडे उभा राहत नाही.

मधल्या रेषेवर एवढा भर का देतोय, तर बेसमुळे. बेसचे डबे बहुधा स्टेजच्या डाव्या-उजव्या बाजूला असतात. 60 हर्ट्झच्या, म्हणजे अगदी खालच्या सुराची एक लाट साधारण पावणेसहा मीटर लांब असते. मधल्या रेषेवर दोन्ही बाजूंच्या लाटा एकाच वेळी पोचतात आणि एकमेकींना जोर देतात. बाजूला सरकलात की एक लाट आधी येते, एक नंतर. काही सूर दुप्पट होतात, काही गायब. तुमच्या लेकीला बेस गिटार स्पष्ट ऐकू येत असेल आणि पाच-सहा मीटरवरच्या मैत्रिणीला नुसता धबधबा, असं एकाच गाण्यात होऊ शकतं. विश्वास बसत नसेल तर एखादं गाणं चालू असताना आडवं चालून बघा.

खूप मागे गेलात तर दुसरी अडचण. आवाज सेकंदाला साधारण 345 मीटर जातो. शंभर मीटरवर तो पाव सेकंदाहून जास्त उशिरा येतो. पडद्यावर काठी ड्रमवर पडलेली दिसते आणि ठोका नंतर ऐकू येतो. मोठ्या शोमध्ये मागे वेगळे स्पीकर उभारून त्यांना मुद्दाम उशीर देतात, म्हणजे पुढून येणारा आवाज आणि हा एकत्र पडतो. पण समोर माणूस गातोय ही जाणीव तिथे पातळ होते. आपल्या दमट हवेचा एक फायदा मात्र आहे, कोरड्या हवेपेक्षा तिच्यातून वरचे सूर लांबवर टिकतात.

आता तिकीट. महागाचं काढण्याआधी मैदानाचा नकाशा बघा, तिकीट विकणारे तो दाखवतात. व्हीआयपी म्हणजे पुष्कळदा बाजूला उभारलेला लाकडी मचाण. तिथे सोफा असतो, बार असतो, रांग नसते. आवाज एकाच बाजूच्या स्पीकरचा, तोही तिरका. पाय दुखत असतील, गर्दी सोसत नसेल, तर त्या मचाणाला पैसे देण्यात काही चूक नाही. पण संगीतासाठी पैसे द्यायचे असतील तर मिक्सर ज्या विभागात येतो ते तिकीट घ्या. पुष्कळदा ते साधं जनरल असतं. उरलेल्या पैशांत दोघींसाठी चांगले इअरप्लग येतील, आणि ते मी अजिबात ऐच्छिक मानत नाही.

हा भाग जरा लांबवतो, कारण इथे मी स्वतः मोल दिलंय. पंचविशीत एका बंद हॉलमधल्या शोला सलग तीन रात्री मी स्टेजच्या बाजूच्या स्पीकरजवळ बसून काम केलं. कान चार दिवस शिटी वाजवत राहिले, मग शिटी थांबली, मी विसरलो. पुढच्या पावसाळ्यात रात्री घराच्या पडवीत बसलो होतो. उजव्या कुशीवर आडवा झालो आणि रातकिडे बंद झाले. उठून बसलो, परत सुरू. डावा कान त्यांचा सूर ऐकतच नव्हता. तो आजही ऐकत नाही. आतल्या कानातल्या केसांसारख्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. ‘एसी/डीसी’चे गायक ब्रायन जॉन्सन यांना 2016 मध्ये ऐकू येणं पूर्ण जाईल या धोक्यामुळे दौरा अर्ध्यावर सोडावा लागला होता.

हिशेब सोपा आहे. 85 डेसिबल आवाज आठ तास सोसतो असं धरतात, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे 88 ला चार तास, 94 ला एक तास, 100 ला पंधरा मिनिटं. रॉकच्या शोला माझ्या डेस्कवर मीटर 100 च्या आसपास असतो आणि शो दोन तासांचा. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2022 मध्ये अशा ठिकाणांसाठी 15 मिनिटांची सरासरी 100 डेसिबलच्या वर जाऊ नये अशी मर्यादा सुचवली आहे. स्पीकरपाशी उभं राहिलं तर आकडा यापेक्षा कितीतरी वर जातो. कापसाचा बोळा घालू नका, त्याने जवळजवळ काहीच अडत नाही. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे प्लग कान वाचवतात, पण वरचे सूर जास्त कापतात, म्हणून गाणं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. वादकांसाठी फिल्टर असलेले प्लग येतात, हजार-दोन हजारांत. ते सगळे सूर जवळपास सारखेच खाली आणतात. शब्द तर उलट जास्त कळतात. फोमचेच घेतलेत तर नीट घाला: प्लग बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर ओढून धरा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने दाबून ठेवा. नुसता कानाच्या तोंडाशी अडकवलेला फोम काही कामाचा नाही. शोनंतर कान वाजले आणि दुसऱ्या रात्रीपर्यंत थांबले नाहीत, किंवा एका कानाने एकदम कमी ऐकू आलं, तर कानाच्या डॉक्टरकडे लगेच जा. त्या उपचारात दिवस मोजले जातात.

वेळेचं बघू. उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर लावायला 2000 सालच्या केंद्रीय नियमांनी मनाई आहे. सणा-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. त्यामुळे गोव्यात उघड्यावरचा रॉक शो दिवस मावळायच्या सुमाराला सुरू होतो आणि मुख्य बँडला दहाच्या आत आटपावं लागतं. आपल्याकडे नाटकाला जाण्याची सवय अशी की नऊचं नाटक साडेदहाला सुरू होणार. त्या हिशेबाने निघालात तर शेवटची चार गाणी मिळतील. मला हा नियम पटतो. रात्री जमिनीजवळची हवा गार होते, वरची उबदार राहते आणि आवाज वर निघून न जाता खाली वाकून लांबच्या वाड्यांत उतरतो. आमच्या मैदानावर साधा वाटणारा बेस नदीपलीकडच्या घरात खिडकीची काच हलवतो. तिथे कुणी आजारी असतं, कुणाची परीक्षा असते.

लवकर जाण्याचं माझं खरं कारण वेगळं आहे. दुपारी तीन वाजता रिकाम्या मैदानात साउंडचेक होतो. ड्रमवाला पायाचा एकच ड्रम वाजवत राहतो, धप, धप, धप, पाच-सात मिनिटं, आणि मी उन्हात मैदानभर चालत तो ठोका कुठे फुगतो, कुठे हरवतो हे ऐकतो. मग स्नेअर हा कडक आवाजाचा ड्रम, मग एकेक झांज, मग बेस, मग गिटार, शेवटी गायक. संध्याकाळी त्याच मैदानात पाच हजार माणसं उभी राहतात. माणसांची अंगं आणि कपडे वरचे सूर पिऊन टाकतात, म्हणजे दुपारी जुळवलेलं सगळं बदलतं. म्हणून पहिली दोन गाणी माझी दुरुस्तीची असतात. त्यांवरून शो वाईट आहे असं ठरवू नका. त्या वेळात स्टेजकडे नीट बघा: गायक स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवून मग ते बोट वर करतो, म्हणजे ‘माझ्या मॉनिटरमध्ये, स्टेजवर मला ऐकवणाऱ्या स्पीकरमध्ये, माझा आवाज वाढव’. ड्रमवाला मान हलवून खाली हात करतो, म्हणजे गिटार कमी कर. तिसऱ्या गाण्याच्या सुमाराला हे हातवारे थांबतात, खांदे सैल होतात. तिथून बँड खऱ्या अर्थाने वाजवू लागतो.

आणि आधीचा बँड ऐका. तो बहुधा इथलाच असतो, वीस-पंचवीस मिनिटं मिळालेली असतात आणि त्यासाठी त्याने महिनाभर तालीम केलेली असते. रेमो फर्नांडिस यांनी शिवोलीच्या घरात चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर, बहुतेक वाद्यं स्वतः वाजवून 1984 साली आपला अल्बम केला आणि स्वतःच दुकानोदुकानी पोचवला. त्यानंतरची चाळीस वर्षं इथली पोरं त्याच चिकाटीने वाजवत आलीत. मुख्य बँड पुन्हा यूट्यूबवर दिसेल, हा इथला बँड त्या रात्रीपुरताच.

आता ऐकायचं कसं. तुम्ही मैफलीत तयार झालेल्या श्रोत्या आहात, ती तयारी इथे वाया जात नाही. आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांचं गाणं 1977 मध्ये व्हॉयेजर यानावरच्या तबकडीतून अंतराळात गेलं, आणि त्याच तबकडीवर चक बेरी यांचं रॉक अँड रोलही आहे. दोन्ही एका तबकडीवर मावली, तुम्हालाही अवघड वाटायचं कारण नाही. गिटारवाला तार बोटाने ओढून सूर वर नेतो ती आपली मींडच समजा. तंबोऱ्याला जवारी लावली की एका सुरातून वरचे कितीतरी सूर उमटतात. ज्याला आपण गिटारचा ‘खरखराट’ म्हणतो तो डिस्टॉर्शनही वेगळ्या वाटेने मूळ सुरात वरचे सूरच भरतो आणि सूर लांबवतो.

एक गोष्ट मात्र उलटी आहे: टाळी. आपला हात सवयीने समेवर जातो. रॉकमध्ये चार मोजले तर जोर दोन आणि चारवर असतो, तिथे स्नेअरचा कडक ठोका पडतो. घरी लेकीला सांगा ड्रम लावायला आणि दोन-चारवर टाळी द्यायचा सराव करा. एकदा हात बसला की गोंगाट वाटणारी गोष्ट डोळ्यांदेखत उलगडते. मी माझ्या वडिलांच्या बाबतीत हे बघितलंय, ते पखवाज वाजवायचे. मग गाण्यात आधी फक्त बेस गिटार धरा. शब्द सोडा, सोलो सोडा, तेवढा एक जाड सूर कुठून कुठे जातो ते ऐका. दुसऱ्या गाण्यात ड्रम, तिसऱ्यात गिटार. शब्द शेवटी. ते आठवडाभर आधी वाचून ठेवा, कारण माहीत असलेले शब्दच गर्दीत ऐकू येतात. तयारीला स्टुडिओतलं रेकॉर्डिंग नको, त्याच बँडचं लाइव्ह रेकॉर्डिंग ऐका. आणि सुरुवातीलाच कर्कश मेटल ऐकून घाबरू नका. ‘इंडियन ओशन’ हा बँड ऐका, तबल्याच्या बोटांवर चालणारं रॉक तुमच्या कानाला लगेच ओळखीचं वाटेल.

जमलं तर डिसेंबरच्या मोठ्या शोआधी लेकीबरोबर एखादी छोटी जागा करा. पणजीत, साळगावात, हणजूणला, बार्देश तालुक्यातल्या कितीतरी रेस्टॉरंटांत आठवड्यातून एखाद्या दिवशी चार जणांचा बँड वाजतो. गावच्या फेस्तालाही, म्हणजे चर्चच्या उत्सवालाही, बँड येतो. तिथे पंधरा फुटांवरून वादकाची बोटं दिसतात. छोट्या खोलीत मात्र भिंतीला टेकून किंवा कोपऱ्यात बसू नका, बेस तिथे साठतो.

गर्दीचं थोडक्यात पण लक्षपूर्वक. स्टेजसमोर मधेच एक गोल मोकळा होतो आणि पोरं एकमेकांवर आदळत नाचतात. ती मारामारी नव्हे. पडलेल्याला चारी बाजूंनी हात देऊन उचलायचं हा तिथला पाळला जाणारा नियम आहे. लेक तिथे जाईल, जाऊ द्या, पण बंद बूट घालून. तुम्ही आडवं सरकून बाहेर पडा. खरोखरच दाब वाढला, श्वास अडू लागला, तर दोन्ही हात छातीसमोर मुठी करून धरा म्हणजे फुफ्फुसांना जागा राहते. लोंढ्याच्या उलट जाऊ नका, त्याच्याबरोबर जात तिरकं तिरकं कडेला या. मोबाइल पडला तरी वाकू नका. तो गेला तर गेला.

मोबाइलवरून आठवलं. हजारो लोक जमले की नेटवर्क झोपतं. तिकिटाचा स्क्रीनशॉट आधीच काढा आणि चुकामूक झाली तर भेटायची जागा ठरवून ठेवा. मिक्सरचा मांडव त्यासाठीही उत्तम, कारण तो हलत नाही. रेकॉर्डिंग करायचं तर एकच गाणं करा. इतक्या आवाजाला मोबाइलचा माइक फाटतो, घरी ऐकताना तो फरफराट असतो. पोटभर जेवूनच जा. आत मिळतं ते महाग आणि रांग लांब. डिसेंबर असला तरी गर्दीत घाम येतो, दोन बँडच्या मधल्या वेळात पाणी प्या.

परतीचं आधी ठरवा. डिचोलीला रात्री बस मिळणार नाही, पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवालाही, त्या वेळी लांबचं भाडं घेईलच असं नाही. घरची गाडी असेल तर लांब, पण बाहेर तोंड करून लावा. शो संपल्यावर लगेच धावू नका, वीस मिनिटं मैदानातच बसा. बार्देशचे रस्ते अरुंद, पहिला अर्धा तास गाडी तिथल्या तिथेच उभी असते. त्यापेक्षा म्हापशाला गाड्यावर थांबून रस-आमलेट खा आणि लेकीला विचारा, तिसऱ्या गाण्यात बेसने काय केलं. तुमचं आणि तिचं उत्तर वेगळं आलं तर घरी पोचेपर्यंत बोलायला विषय मिळेल.

आणि तिथे मांडवात काम करणारा कुणी मोकळा दिसला तर हाक मारून विचारा, या मैदानात आवाज कुठे चांगला येतो? आम्हाला हा प्रश्न कुणी विचारत नाही, विचारला की आम्ही खुशीने सांगतो. फक्त गाणं चालू असताना नको. दोन बँडच्या मधे या.